शनिवारी डाव्या सीटवर कोण

मार्लिंग्ज, गुरुवार, १६ जून १९८३

प्रिय ऑब्री,

तू बागेत कोबीच्या वाफ्यापाशी पाठमोरा बसला आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. आपल्यामध्ये एक खिडकी आणि फार तर वीस पावलं आहेत, तरी मी तुला पत्र लिहिते आहे. हसू नकोस. सोमवारपासून आपलं बोलणं 'मीठ सरकव' आणि 'मांजर बाहेर गेली का' याच्या पुढे गेलेलं नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते मिठात मावणारं नाही. अक्षर बघून दचकू नकोस. आपल्या ऑस्टर विमानाच्या पोटावर नंबर रंगवायला आणलेला तो जाडा काळा मार्कर सापडला, त्यानेच लिहिते आहे. एका पानावर सात ओळी मावतात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोनाव्हेंचर आम्हाला मुंगीच्या पावलांएवढं अक्षर काढायला लावायच्या, कागद देवाचा आहे म्हणायच्या. त्यांनी ही पानं पाहिली असती तर मला तासभर गुडघ्यांवर बसवलं असतं. कागदांचा अख्खा गठ्ठा संपणार आहे. संपू दे.

विषय एकच आहे, आणि तो पहिल्याच पानावर मांडते: परवा, शनिवारी, ऑस्टर कोण उडवणार?

सोमवारी विमान क्लबचं ते कार्ड आलं. तू ते हातात घेतलंस, खिडकीकडे धरलंस, मग माझ्याकडे दिलंस आणि म्हणालास, "तूच वाच, उर्सी. तुझा आवाज छान आहे." म्हणजे माझा अपमान मला माझ्याच आवाजात, नन्सनी घडवलेल्या शुद्ध उच्चारांत, मोठ्याने वाचावा लागला. 'मार्लिंग्ज विमानतळाच्या सुवर्णमहोत्सवाचा आरंभ कॅप्टन ऑब्री हॅलम आपल्या जुन्या ऑस्टर विमानाच्या उड्डाणाने करतील. सौ. हॅलम यांनी कृपा करून केक स्पर्धेचं परीक्षण करावं.' आपल्या जुन्या! त्या विमानाच्या अंगावरचं अर्धं कापड माझ्या हाताने शिवलेलं आहे. आणि सही कुणाची? डेरिक पॉमफ्रेची. सेक्रेटरी झाल्यापासून हा माणूस ब्लेझर घालून गवत कापतो.

पण मी पॉमफ्रेवर नाही भडकले. म्हणजे भडकले, पण तो माझा रोजचा व्यायाम आहे. माझ्या डोक्यात राख गेली ती तुझ्या उत्तराने. तू चहाचा कप खाली ठेवलास, तोही बशीत नाही, बशीच्या काठावर, आणि म्हणालास, "जाऊ दे गं. मी एकटाच एक चक्कर मारून येतो. तू केक बघ." तू केक बघ! ऑब्री, एकोणचाळीस वर्षं संसार झाला. हे वाक्य मला हजार पुरुषांनी हजार तऱ्हांनी ऐकवलं. त्या हजारांत तू कधीच नव्हतास.

म्हणून आता पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण फिर्याद मांडणाऱ्याने काही गाळायचं नसतं.

आपली पहिली भेट आठव. त्रेचाळीसचा मार्च. तू हवाई दलातला उड्डाणशिक्षक, घोटा मोडून घेतलेला, तोही विमानातून नाही तर कँटीनच्या पायरीवरून. मी कारखान्यांतून नवी विमानं लढाऊ तळांवर पोचवणारी. त्या दिवशी मात्र पोचवून झालेल्या वैमानिकांना परत आणणारं ॲन्सन विमान माझ्याकडे होतं, आणि तुला कुणीतरी त्यात चढवून दिलं होतं. ॲन्सनची चाकं आपोआप पोटात जात नसत. उजव्या सीटवरच्या माणसाने हँडल फिरवायचं, दीडशे फेरे, तेव्हा ती वर यायची, आणि उतरताना पुन्हा उलटे फेरे. तू उजव्या सीटवर बसलास, कुबडी पायांत धरलीस आणि मला विचारलंस, "वैमानिक कधी येणार?" मी म्हटलं, "आलेली आहे. हँडल फिरवा." तू फिरवलंस. मोठ्याने मोजत. ऐंशीला कोट काढलास, एकशेवीसला टाय. शेवटी घामाघूम होऊन म्हणालास, "बाईसाहेब, तुमच्याशी लग्न करणारा माणूस खांद्याने मजबूत हवा." मी म्हटलं, "आणि तोंडाने कमी." वर्षभरात तू खांदे घेऊन हजर झालास. तोंड तेवढंच राहिलं.

मग युद्ध संपलं, आणि एका सोमवारी आम्हा सगळ्या बायकांना आभाराचं पत्र देऊन घरी पाठवलं. सत्तावीस जातींची विमानं मी उडवली होती, त्यातली काही अशी की आदल्या दिवशी त्यांचं नावही ठाऊक नसायचं. मी एका विमान कंपनीला अर्ज केला. तिचं नाव लिहीत नाही, ती मेली आणि मेलेल्यांबद्दल वाईट लिहू नये. उत्तर आलं: प्रवाशांना कॉकपिटमधून बाईचा आवाज ऐकू आला तर ते घाबरतील, परंतु आपली उंची आणि दात पाहता आपण हवाईसुंदरीच्या जागेसाठी अवश्य विचार करावा. दात! मुलाखतीत मी हसले होते ही माझी चूक. त्याच कंपनीने तुला मात्र लगेच नोकरी देऊ केली होती. तू ते पत्र वाचलंस, माझं वाचलंस, दोन्हींची घडी घातलीस आणि लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलीस. म्हणालास, "चल, आपलंच विमान घेऊ." ते टेबल हेच. घडी अजून पायाखाली आहे, आत्ताच वाकून बघितली.

आणि आपण घेतलं ते ॲन्सनच, कारण दुसरं परवडत नव्हतं. तेव्हाच नियम ठरला: डावी सीट कॅप्टनची, आणि ती पाळीपाळीने. एका फेरीला तू डावीकडे आणि मी हँडलला, पुढच्या फेरीला मी डावीकडे आणि तू हँडलला. डावीकडे बसणाऱ्याचा शब्द शेवटचा. भांडण चाकं जमिनीला टेकल्यावर. आपण काय काय नेलं! ट्यूलिपचे कंद, नाटकमंडळींचे मुकुट, सर्कशीचे सहा पूडल कुत्रे, आणि एकदा एक बिशप. ते कुत्र्यांपेक्षा जास्त घाबरले आणि त्यांनी दीडशेच्या दीडशे फेरे स्वतः फिरवले. वेढ्यात अडकलेल्या बर्लिनला रसद पोचवायला तू दुसऱ्या कंपनीबरोबर पाच महिने गेलास, मला त्यांनी घेतलं नाही, तेव्हा मी एकटीने ॲन्सन चालवलं. गुडघ्यांनी विमान वळवायची दांडी धरायची आणि हाताने हँडल फिरवायचं. तू परत आलास तेव्हा माझा उजवा दंड बघून म्हणालास, "आता तुझ्याशी वाद घालणं धोक्याचं आहे."

आणि मग पन्नास सालची ती सकाळ. तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

जर्सी बेटावर तीन हजार कोंबडीची पिल्लं न्यायची होती, एका दिवसाची. खोके मागे रचलेले, सगळं विमान चिवचिवत होतं. निघायच्या आधी वर्तमानपत्राचा एक बातमीदार आला. तुला विचारलं, ढगात किती उंचीवर जाता. मला विचारलं, नवऱ्याला रात्री काय वाढता. आणि तू, ऑब्री, घाईत होतास, हसलास आणि बोलून गेलास, "उर्सी हँडल फार छान फिरवते." त्याने ते लिहून घेतलं. पाळी तुझी होती. मी उजवीकडे बसले, हँडल फिरवलं, एकशेपन्नास फेरे, एकही मोठ्याने न मोजता, आणि मग मान उजव्या खिडकीकडे वळवली ती वळवलीच. समुद्र लागला. हवा दुधासारखी शांत. तुला चहाची तल्लफ आली. एरवी तू म्हणायचास, "धर जरा." त्या दिवशी तुझाही पारा चढलेला, तू नुसती मान हलवलीस, हात सोडले आणि थर्मास शोधायला खाली वाकलास. मी खिडकीबाहेर बघत होते. मला मानेचं काय दिसणार?

सात मिनिटं, ऑब्री. सात मिनिटं ते विमान कुणीच चालवत नव्हतं. बिचारं आपल्या परीने शहाण्यासारखं चाललं होतं, हळूहळू डावीकडे वळत, हळूहळू खाली. माझ्या मांडीवर ऊन आलं तेव्हा मला प्रश्न पडला, सकाळच्या वेळी जर्सीला जाताना उजव्या सीटवर ऊन कसं? खाली पाहिलं तर एक कोळी होडीत उभा. त्याच्या तोंडातला पाइप दिसत होता. त्याने तो काढला, टोपीही काढली आणि छातीशी धरली, मयताला धरतात तशी. मी ओरडले, "विमान कुणाच्या हाती आहे?" तू चहा सांडत ओरडलास, "तुझ्या ना?" "माझ्या कसं? तू डावीकडे आहेस!" "मी मान हलवली!" "मी मानेशी बोलत नाही!" आणि हे सगळं दोघांनीही दांडी ओढत, पाण्यापासून तीनशे फुटांवर.

जर्सीला वीस मिनिटं उशिरा उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याने कारण विचारलं. एखाद्या नवऱ्याने वारा सांगितला असता, इंजिन सांगितलं असतं, बायको सांगितली असती. तू टोपी काढलीस आणि म्हणालास, "साहेब, मी एक मूर्खासारखं वाक्य बोललो, त्यामुळे विमान सात मिनिटं कुणीच चालवलं नाही." त्याने ते नोंदवून घ्यायला नकार दिला. पिल्लं सगळी जिवंत होती. त्यानंतर महिनाभर तू प्रत्येक फेरीला उजव्या सीटवर बसून हँडल फिरवलंस, न सांगता, आणि त्या बातमीदाराला घरी बोलावून रात्री काय वाढतो ते दाखवलंस: तूच केलेली, गुर्दा भरलेली पेस्ट्री, मधोमध जळलेली.

तेव्हापासून तो दुसरा नियम. भांडण असो, अबोला असो, आभाळ कोसळो, दांडी देताना एकाने म्हणायचं, 'विमान तुझ्या हाती.' आणि दुसऱ्याने म्हणायचं, 'विमान माझ्या हाती.' मान चालणार नाही, खूण चालणार नाही. देणारा बोलल्याशिवाय घ्यायचं नाही, घेणारा बोलल्याशिवाय सोडायचं नाही. तेहेतीस वर्षांत आपण कितीतरी दिवस एकमेकांशी एवढंच बोललो असू. आईच्या अंत्यविधीनंतर मी गाडी चालवत होते आणि मला रस्ता दिसेना, तेव्हाही मी हेच म्हटलं, आणि तू बाजूच्या सीटवरून म्हणालास, "माझ्या हाती," आणि मग आपण गाडी थांबवली.

पुढचं थोडक्यात सांगते. ॲन्सनच्या लाकडी पंखांनी दगा दिला आणि ते मोडीत गेलं. तू इंग्लिश खाडीपलीकडे मोटारी नेणारी विमानं चालवलीस, चांगल्या टोपीत, चांगल्या पगारावर. मी इथे मार्लिंग्जच्या गवतावर ऑस्टरमध्ये बसून बावीस वर्षं पोरांना उडायला शिकवलं. या जिल्ह्यातले अर्धे वैमानिक माझ्या शिव्या खाऊन मोठे झाले. त्यातलाच एक डेरिक पॉमफ्रे. एकट्याने पहिल्यांदा लांबवर गेला तो गावाच्या चर्चचा मनोरा समजून धान्याच्या कोठाराभोवती चार घिरट्या घालून एका बैलाच्या कुरणात उतरला. मी सायकलवरून त्याला आणायला गेले. तो पंखावर बसला होता, बैल खाली, आणि दोघंही माझीच वाट बघत होते.

तर काल मी पॉमफ्रेकडे गेले. तुला 'लायब्ररीत जाते' म्हणून सांगितलं, तेवढं खोटं कबूल करते. ब्लेझर होताच. मी म्हटलं, "डेरिक, शनिवारी ऑस्टर मी उडवणार आहे."

"पण मॅडम, कार्डं छापून गेली. लोकांना कॅप्टन हॅलम हवेत..."

"कॅप्टन हॅलम माझ्या शेजारी बसून हात हलवतील. आमच्या घरात डावी सीट पाळीने असते. गेल्या वेळी त्यांची होती, आता माझी. एवढंच कारण आहे, आणि कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

"मग केक कोण बघणार?"

"उतरल्यावर कॅप्टन बघतील. त्यांची जीभ उत्तम आहे. आणि डेरिक, तो बैल मला अजून आठवतो. भाषणात मी त्याचा उल्लेख करावा का, या विचारात आहे."

"नको मॅडम," तो म्हणाला, एकदम सतरा वर्षांचा होऊन. "तुम्हीच उडवा मॅडम."

तेव्हा तो प्रश्न मिटला. कार्डाचा रागही मिटला. तीन दिवस चांगला पुरला. पण राग ओसरल्यावर खाली काय होतं ते दिसलं, आणि ते मला आधीच दिसायला हवं होतं. ज्या माणसाने मला कधी केक बघायला सांगितलं नाही तो आता का सांगतो? ज्याला एकट्याने उडायचा कंटाळा, तो 'मी एकटाच' का म्हणतो? कारण शेजारी मी बसले तर मला कळेल.

मला कळलं आहे, ऑब्री. ईस्टरपासून तू शब्दकोडं मला वाचायला लावतोस. एकोणचाळीस वर्षांत माझ्या आवाजाचं कधी कौतुक झालं नव्हतं. मी मूर्ख बाई, तीन आठवडे खुशीत होते, आणखी स्पष्ट उच्चार करत होते. गेल्या महिन्यात तू कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीला टोपी काढून नमस्कार केलास. मी विनोद समजून हसले. तूही हसलास, पण जरा उशिरा. आणि मेमधलं आपलं उड्डाण. "उर्सी, वाऱ्याची पिशवी कुठे वळली आहे, सांग बघू," म्हणालास, जणू माझी परीक्षा. मग जमीन आली समजून तू तीन फूट आधीच दांडी ओढलीस आणि आपण धपकन आदळलो. लोण्यावर सुरी उतरावी तसा उतरणारा तू. चाकाला दोष दिलास. मी दुसऱ्या दिवशी चाक तपासलं. चाक बिचारं निर्दोष आहे. डॉक्टर फेन्विकने मार्चमध्ये तुझ्या उडायच्या तंदुरुस्तीच्या कागदावर सही केली ती क्रिकेटच्या गप्पा मारत, हेही मला ठाऊक आहे. तुझ्या उजव्या डोळ्यात खिडकीच्या उजेडात एक दुधी ठिपका दिसतो. माझ्या आईला तसाच होता. मोतीबिंदू म्हणतात त्याला, मृत्युदंड नाही. शनिवारी खाली सहाशे माणसं असतील, त्यातली निम्मी आइस्क्रीम खाणारी मुलं, आणि तू त्यांच्यावरून कानांनी आणि सवयीने विमान नेणार होतास, कारण तोंडातून ते वाक्य निघत नव्हतं. पुन्हा मान हलवलीस, ऑब्री, आणि मी पुन्हा खिडकीबाहेर बघत होते. सिस्टर बोनाव्हेंचर म्हणायच्या, खोटं बोलणं हे पाप, पण खरं गिळून बसणं हे त्याचं थोरलं भावंड. तू भावंडाला घरात ठेवून घेतलंस, आणि मी त्याला चार दिवस चहा दिला.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून हा मार्कर. हे मी तुला वाचून दाखवणार नाही. काही गोष्टी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात, जेवढे आहेत तेवढ्यांनी. सात ओळींचं पान तुला दिसेल. काल मी तुझ्या बियांच्या पाकिटांवर नावं मोठी मोठी करत लिहिली, आणि कोबीपाशी बसून तू कुठलं पाकीट डोळ्यांजवळ न नेता वाचलंस ते खिडकीतून बघून ठेवलं आहे. मंगळवारी अकरा वाजता शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात तुझं नाव घातलं आहे. गाडी मी चालवीन. हल्ली डोळ्यात इवलंसं भिंग बसवतात, आणि माणूस टपालपेटीला टपालपेटी म्हणू लागतो. दुसरं काही निघालं तर तेही दोघांनी शेजारी बसून ऐकायचं. बरा झालास की पुढची पाळी तुझी, लेखी देते. पण शनिवारी माझी आहे. मला ती दांडी हिसकावून घेता येईल, दंड अजून शाबूत आहे, पण नियम तुझा आणि माझा दोघांचा आहे: देणारा बोलल्याशिवाय घ्यायचं नाही. उद्या सकाळी तुझ्या अंड्याला अगदी चार मिनिटं देईन. अंडं फोडायच्या आधी ते वाक्य बोल. इकडे कुणी कोळी टोपी काढून उभा राहण्याची वाट पाहू नकोस. मी टोस्ट हातात धरून उत्तर तयार ठेवते.

तुझीच, आणि तू बोललास की डाव्या सीटवरची,
उर्सी